तंबाखूचा सूर्य बुडाला तो असा

माझी तंबाखू कुणी सोडवली, याला आता बरेच मालक झालेत. पोरगा बेळगावाला नोकरीला आहे, हिंडलग्यात राहतो. तो त्याच्या ऑफिसात सांगतो, मी मागं लागलो म्हणून अण्णांची सुटली. निपाणीचा डॉक्टर म्हणतो, मी दम दिला म्हणून सुटली. आमच्या बोरगावच्या कट्ट्यावरचे म्हणतात, म्हातारा मरणाला भ्याला. हे कानावर आलं की माझं टाळकं फिरतं. मी मराठी चौथीपर्यंत गेलेला माणूस, लिहायचा सराव नाही, जोडाक्षरं चुकतात. पण झालं ते मी लिहून ठेवलं नाही तर माझ्या माघारी ही माणसं एकमेकांच्या गळ्यात हार घालून मोकळी होतील.

आमचं घर तंबाखूवर उभं राहिलं. माडी तिच्या पैशात चढली, दोन बहिणींची लग्नं तिच्यावर झाली, पोरगा शिकला तो तिच्यावरच. आता शिवारभर ऊस झालाय, तरी विहिरीच्या कडेला थोड्या सऱ्या मी तंबाखू लावत होतो, घरच्या खाण्यापुरती. पानं माझ्या हातानं वाळवायचो, चुरायचो, चाळायचो. त्या तंबाखूची चिमूट मागायला आसपासच्या गावची माणसं यायची. "आप्पाची पत्तीच न्यारी," असं म्हणत हात पुढं करायची. गावात मला आप्पाच म्हणतात. माझी कापडी चंची उघडली की कट्ट्यावरचं बोलणं थांबायचं. आमच्यात रीत अशी की ज्याची चंची त्यानं मळायची, पहिली चिमूट त्यानं आपल्या गालात धरायची, मग हात फिरवायचा. मी दाढीमिशी फुटायच्या आधीपासून खात होतो. सोडायचा विचार कधी मनात आला नव्हता. ज्या पिकानं मला माणसात बसवलं त्याला वाईट कसं म्हणायचं?

सुरुवात ठेच्यानं झाली. दिवाळी होऊन गेलती, नवी मिरची घरात आलती. बायकोनं ठेचा केला, भाकरीवर घातला, आणि पहिल्याच घासाला डाव्या गालात आग उठली. तिखटानं जीभ पोळते ती वेगळी, तिच्यात मजा असते. ही आग एकाच जागी होती, निखारा ठेवल्यासारखी.

"काय झालं वो?" बायकोनं विचारलं.

"मिरची जाळ हाय."

ती स्वतः तोच ठेचा खात होती. "अजाबात तिखट न्हाई की," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

हळूहळू ठेचा सुटला. मग आमटी झोंबायला लागली, मग चहासुद्धा गार करून प्यायला लागलो. शेवटी निपाणीला एका डॉक्टरकडं गेलो. त्यानं बॅटरी मारून बघितलं आणि बॅटरी टेबलावर आपटली.

"म्हातारबा, मरायचंय काय? गालात चट्टा आलाय. आजपासून तंबाखू बंद. बंद म्हणजे बंद, कळलं?"

माझ्या पोराच्या वयाचा असेल. बाहेर पाच-सात माणसं बसलेली, सगळ्यांनी ऐकलं. मी त्याला तोंड दाखवायला गेलतो, आणि तो मला शाळेतल्या पोरासारखा बाकावर उभा करायला निघाला. मी बाहेर आलो, दवाखान्याच्या पायरीवर बसलो, चंची काढली आणि रोजच्यापेक्षा मोठी चिमूट मळून बरोबर त्याच गालात धरली. आग झाली. डोळ्यात पाणी आलं. पण त्या आगीत मला एक समाधान मिळालं. ते खोटं कशाला सांगू?

मग पोराला कळलं. बायकोनंच फोनवर सांगितलं असणार. पोरगा रोज सकाळी मला मोबाइलवर जबडे पाठवायला लागला. सडलेले, कापलेले, शिवलेले. मी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचो, तर त्याआधी जबड्याचं दर्शन. मी फोन करून म्हटलं, "ह्ये पुडी खाणाऱ्यांचं हाय रं. त्यात काय काय मिसळत्यात. आपली शेतातली हाय."

"अण्णा, तंबाखू ती तंबाखूच."

"तुला शिकवलं ते बी तिनंच."

त्यानं फोन ठेवला. मी जिंकलो असं मला वाटलं. त्या वेळी शेतातली तंबाखू बाधत नाही हे मला मनापासून पटलेलं होतं. माझा बाप ती खात खात म्हातारा झाला आणि झोपेत गेला. आमच्या शेजारचा एक गुरव, सुपारीच्या खांडालासुद्धा शिवला नव्हता, तो घशाच्या आजारानं गेला. मला हवी तेवढी उदाहरणं माझ्याजवळ होती. नको असलेली आठवत नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला पोरगा घ्यायला आला. म्हणाला, "बेळगावात दातांच्या मोठ्या दवाखान्यात नुसतं दाखवूया. मी मधी एक अक्षर बोलत न्हाई." मला जायचं नव्हतं. पण चट्टा आरशात दिसायला लागला होता. खडेबाजारात बायकोला पितळेचा डबा घ्यायचा आहे, म्हणून चाललोय, असं मी कट्ट्यावर सांगितलं आणि गेलो.

तिथं डॉक्टरीण होती. कन्नड मुलगी, पण मराठी चांगलं बोलायची. मला "अज्जा" म्हणाली, म्हणजे आजोबा. तिनं हातात मोजे घालून गाल बाहेर ओढून बघितला, बराच वेळ बघितला, मग एक छोटा आरसा माझ्याच हातात दिला.

"हे बघा अज्जा. हा पांढरा भाग. तुमचं तोंड आहे, तुम्हाला माहीत पाहिजे. आज हा वाईट नाही. पण उद्या वाईट होऊ शकतो. तंबाखू खाता?"

"खातो."

मी भांडायला तयार होऊन बसलो. पुडीवाल्यांचं, बापाचं, गुरवाचं, सगळं ओठावर आणून ठेवलं होतं.

"सोडायची आहे का तुम्हाला?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मी वाट बघत राहिलो. ती हात धुवायला गेली. पोरगा माझ्याकडं बघत होता, पण त्यानं शब्द दिला होता, म्हणून गप्प होता. हात पुसत पुसत ती परत आली आणि म्हणाली, "अज्जा, एकच विचारते. उत्तर आज देऊ नका. समजा कधी तुमच्याच मनात आलं सोडायचं, तर पहिली अडचण कुठली येईल?"

"मला कसली अडचण? मनात आणलं तर आत्ता सोडीन. पर्युषणात धा दिवस सोडतोच की दरसाल."

"मग तर झालं. महिन्यानं या, मी चट्टा बघत राहीन."

खडेबाजारात डबा घेतला. पोरानं मला बसमध्ये बसवून दिलं. जे घेऊन भांडायचं होतं ते सगळे मुद्दे माझ्याजवळ तसेच राहिले होते, न खपलेल्या मालासारखे. कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. यमकनमर्डी गेलं, संकेश्वर गेलं, आणि त्या पोरीचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला. पहिली अडचण कुठली? तलफ म्हणावं, तर पर्युषणात मी खरंच खात नव्हतो, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. एकाशन करायचो, दिवसातनं एकदा जेवायचो, चंची खुंटीला टांगलेली असायची. लोक म्हणायचे, आप्पाचा निग्रह बघा. मग अडचण कुठं आहे?

निपाणीचा स्टँड यायच्या आधी मला ती सापडली. अडचण कट्ट्यावर होती. चंची नसलेला मी कट्ट्यावर बसलेला, आणि कुणी माझ्यापुढं हात करत नाही, हे मला डोळ्यापुढं दिसलं. म्हणजे मरणाचं भय वाटायच्या आधी मला ते भय वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो.

तरी सोडली नाही. अडचण सापडली म्हणून माणूस लगेच उठत नाही.

मग एक दिवस संध्याकाळी जेवायला बसलो. आमच्या जैनांच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवण होतं. बायकोची घाई चाललेली. मी पुढ्यातल्या ताटात बघितलं, भाजी पिवळी होती. तिच्या ताटात लाल. माझ्या लक्षात आलं, बरेच दिवस माझी भाजी वेगळी होत होती. बिनतिखटाची, मऊ शिजवलेली, दात न आलेल्या पोराला करतात तशी. तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"ही भाजी कुणासाठी केलीयास?"

"जेवा गुमान. दिवस बुडाय आलाय."

मी जेवलो. जेवलो आणि अंगणात येऊन उभा राहिलो. उसाच्या तुऱ्यामागं सूर्य टेकला होता. मला वाटलं, हा बुडाल्यावर मी आयुष्यात कधी घास तोंडात घातला नाही. लग्नकार्यात नाही, परगावी नाही, तंबाखू घेऊन वखारीत रात्र काढायची वेळ आली तेव्हाही नाही. पुढ्यात ताट आलं तरी हात जोडले. कुणी दम दिला होता? कुणी फोटो दाखवले होते? लहानपणी आईनं शिकवलं हे खरं, पण पुढं पाळलं ते माझं मी. मला सोडता येत नव्हतं असं नव्हतंच. दुसऱ्यानं सोड म्हटलेलं मला सोडता येत नव्हतं.

आणि तिथंच मनात आलं, तंबाखू तरी तोंडातच जाते की. मग दिवस बुडाल्यावर ती कशी चालते? इतकी वर्षं मी रात्रीचं पाणी जपून पीत होतो आणि झोपताना गालात चिमूट धरत होतो.

त्या संध्याकाळी मी नियम केला. मुनीमहाराजांपुढं जाऊन नाही, बायकोला सांगून नाही, माझ्यापुरता. दिवस बुडाला की तंबाखू बंद. जमलं. रात्री दोन-चारदा जाग आली, पण जमलं. मग मला एक युक्ती सुचली. सूर्य आभाळातला त्याच्या वेळेनं बुडू दे, तंबाखूचा सूर्य माझ्या हातात आहे. काही दिवसांनी मी तो चहाच्या वेळेला बुडवला. त्याची सवय झाली तसा दुपारच्या जेवणाला बुडवला. मग न्याहारीला, आणि शेवटी उगवूच दिला नाही. बाहेर ऊन रखरखत असायचं, आणि मी मनात म्हणायचो, माझा दिवस बुडाला. कुणाला कळायचं नाही, म्हणून कुणी शाबासकी द्यायचं नाही, आणि चुकलो असतो तर कुणी हसलंही नसतं. मला तेच पाहिजे होतं. मधल्या खेपेला बेळगावाला जाऊन आलो तेव्हाही मी काही बोललो नाही. डॉक्टरणीनं बघितलं, "बरं" म्हणाली, सोडलं.

राहता राहिला कट्टा. चंची मी घेऊनच जायचो. माझा सूर्य बुडालेला असला तरी बाकीच्यांसाठी मळायचो आणि हात फिरवायचो. एक दिवस माझ्या जुन्या जोडीदारानं घेतलेली चिमूट तशीच हातात धरली. हा माझ्याबरोबर बैलगाडीनं तंबाखू घालायला निपाणीला यायचा, त्याच्यापासून काही लपत नाही.

"तू न्हाई धरलीस?"

"धरलीया मघाशीच."

"कुठं? गाल सपाट दिसालाय."

"वय झालं, गाल बसलं."

"ह्यानं इख घाटलंय त्यात," तो सगळ्यांना म्हणाला. "धनी खाईना आन आमाला वाढालाय. गड्या, आमची रानं आदी नावावर करून घेटलीस काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रीत मोडली होती हे खरं, पहिली चिमूट धन्याची असते. दुसऱ्या दिवशी मी चंची धुऊन वाळवली, तिच्यात बडीशेप आणि लवंगा भरल्या आणि कट्ट्यावर जाऊन उघडली.

"लग्नाच्या पंगतीला बशीवलंय व्हय आमाला?" जोडीदार म्हणाला. दुसरा म्हणाला, "आयेर काय आणायचा, आप्पा?" बरीच टिंगल झाली. पण हात पुढं आले. बडीशेप खाऊन झाल्यावर त्यांनी आपापल्या पुड्या काढल्या, ते माझ्या हातातलं नव्हतं. मला इतकंच दिसलं की माझी चंची उघडली आणि हात पुढं आले. बसमध्ये डोळ्यापुढं दिसलं होतं तसं काहीच झालं नाही. उगाच भ्यालो होतो.

पाडवा झाल्यावर बेळगावाला गेलो. पोरगा बरोबर होता. खुर्चीत बसायच्या आधीच मी म्हटलं, "सोडली."

पोरानं माझ्याकडं शाबासकी दिल्यासारखं बघितलं, आणि एवढ्यासाठीच मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरणीनं हसून मान हलवली आणि तोंड उघडायला सांगितलं. आणि तिचं हसू हळूहळू गेलं. तिनं परत बघितलं. आरसा या वेळी माझ्या हातात दिला नाही.

"अज्जा, चट्टा कमी नाही झाला. उलट थोडा पसरलाय. याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवूया."

 एवढा सूर्य मी ओढून ओढून बुडवला, तो कशासाठी? आणि त्याच वेळी पोरगा, ज्यानं एक अक्षर बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, तो म्हणाला, "अण्णा, खरं सांगा. आता लपवायची येळ न्हाई."

मी खुर्चीवरनं उठलो. आजाराचं भय एका बाजूला राहिलं. माझ्या पोटच्या पोरानं मला परक्या बाईपुढं खोटा ठरवला. "चप्पल कुठाय माझी?" मी म्हटलं. "मी जातो. मरू दे तोंड."

डॉक्टरीण दारात उभी राहिली. पोराला म्हणाली, "अज्जा खोटं बोलत नाहीत. सोडली नसती तर पहिल्या दिवशी सांगितलं तसंच आजही तोंडावर सांगितलं असतं." मग माझ्याकडं वळली. "बसा अज्जा. मला नुसतं सांगा, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं. पाणीसुद्धा सांगा."

तिच्याखातर बसलो. सांगायला लागलो. "उठतो. चूळ भरतो. मिसरी लावतो. अंघोळ करून बस्तीत जाऊन येतो, मग च्या. च्या झाल्यावर परत जरा मिसरी..."

"मिसरी?"

"दात घासायला. सगळ्यांच्यात असती की."

"दिवसातनं किती वेळा घासता?"

"आदी सकाळीच घासायचो. आता जेवल्यावर बी, दुपारी बी. झोपताना बी जरा बोट फिरवतो, बरं वाटतंय. चूळ भरून टाकतो की, गिळत न्हाई."

"अज्जा, मिसरी कशाची करतात तुमच्याकडं?"

"तव्यावर भाजायची. तंबाखू काळी होस्तोवर भाजायची आन..."

तिथं मी थांबलो. माझ्याच तोंडातनं तो शब्द बाहेर पडला, तो मीच ऐकला. आमच्या घरात दर आठवड्याला भाजतात. त्या धुरानं शेजारीपाजारी खोकतात. जन्मभर तंबाखू पिकवणारा मी, नुसत्या वासावरनं पान ओळखणारा, आणि ते बोट माझ्या गालावरनं फिरत होतं तेव्हा मला वाटत होतं मी दात घासतोय. तलफ लागली की मिसरीचा डबा, आणि मी म्हणत होतो तलफ कसली, मला तर लागतच नाही. पर्युषणातला माझा निग्रहही तोच. चंची खुंटीला, आणि डबा मोरीत. धा दिवस मी तंबाखू सोडायचो अशी पंचक्रोशीत ख्याती होती, आणि एक दिवससुद्धा सुटलेली नव्हती.

पोरगा कपाळाला हात लावून बसला. "लहानपणापास्नं बघतोय मी," तो हळूच म्हणाला. "मला पण सुचलं न्हाई."

"मी विचारायला पाहिजे होतं," डॉक्टरीण म्हणाली. "या भागात काम करते, मला पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं. माझ्याकडनं राहिलं."

आणि मला एकदम हलकं वाटलं. तुकडा काढायचाच होता, भय संपलं नव्हतं. पण मी खोटा नव्हतो, आणि माझं सोडणंही फुकट गेलं नव्हतं, नुसतं अर्धं राहिलं होतं. अर्धं राहिलेलं काम पुरं करता येतं. पोरगा उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चुकलं माझं, अण्णा." मी म्हटलं, "गप." गाल बधिर करून तिनं तुकडा काढला. अहवाल यायला काही दिवस लागणार होते.

घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं आधी तुकड्याचं ऐकलं आणि देवाकडं हात जोडले. मग मिसरीचं ऐकलं, आणि पायरीवर बसकण मारली.

"म्हंजे मी बी तंबाखूच खात आले म्हना की."

"तू खात न्हाईस, घासतीस."

"तुमी बी घासतच हुता की."

 तिनं जन्मभर तंबाखूला नावं ठेवली होती. माझ्या धोतराला वास येतो म्हणून वेगळं धुवायची. बायकांत बसली की सांगायची, मला कसलं व्यसन म्हणून नाही. आणि आम्हा दोघांची मिसरी भाजणारी तीच, जरा जास्त काळी झाली तर हळहळणारी तीच. ती उठली, मिसरीचा डबा परड्यात उकिरड्यावर रिकामा केला आणि तवा राखेनं घासायला बसली.

"अगं, तू कशाला सोडतीस? चट्टा मला आलाय."

"तुमच्यासाठी कोण सोडालंय?" ती वर न बघता म्हणाली. "माझ्या एकटीसाठी कोण तवा तापवत बसंल?"

तंबाखू सोडताना मला वाटलं होतं हे सोपं काम आहे. तेव्हा मिसरी पाठराखण करत होती हे आता कळलं. दोन्ही गेल्यावर डोकं भणभणायला लागलं. सकाळी परसाकडं होईना, ते दुःख लिहिण्यासारखं नाही. बायको माझ्यावर चिडायची, मी तिच्यावर. एकदा आमटीत मीठ जास्त झालं, यावरनं आम्ही तिच्या माहेरापर्यंत गेलो. पोरानं टूथपेस्ट पाठवली. ती लावली तर तोंडात पेपरमिंटची गोळी फोडल्यासारखं, दात घासले असं वाटेना. मग मी बाभळीची काडी घेतली. बायको म्हणाली, मला पण एक तोडून आणा. दोघं सकाळी अंगणात काड्या चावत बसायचो, एकमेकांकडं न बघता. बघितलं असतं तर हसू आलं असतं.

अहवाल फोनवर कळला. पोरगा दोनदा नुसतं "अण्णा" म्हणाला. मी म्हटलं, "सांग लवकर, म्हशीला वैरण घालायचीया." तो म्हणाला, "वाईट न्हाई अण्णा. अजून वाईट झालेलं न्हाई. मिसरी लावायची न्हाई, दर दोन म्हैन्यांनी दाखवायचं." मी फोन बायकोच्या हातात दिला आणि गोठ्यात गेलो. म्हशीच्या पाठीवर हात टाकून थोडा वेळ उभा राहिलो. वैरण मी मघाशीच घातली होती.

त्या पावसाळ्यात विहिरीकडच्या सऱ्या मोकळ्या होत्या. तंबाखूचं रोप मी टाकलं नाही. जोडीदार बांधावर येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मिरचीची रोपं आणून दिली, संकेश्वरी जातीची. "रान रिकामं ठेवू नये," एवढंच म्हणाला. तो अजून खातो. मी त्याला सोड म्हणत नाही. सोड म्हटलं की काय होतं, ते निपाणीच्या पायरीवर मी करून बघितलंय. एकदा मात्र विचारलं, "सोडलीसच कधी तर पहिली अडचण कुठली येईल रं?" तो माझ्यावर ओरडला, "तुजं काय जातंय?" पण दोन दिवस कट्ट्यावर आला नाही. विचार करत असेल, किंवा उसाला पाणी असेल.

भाद्रपदात पर्युषण आलं. एकाशन केलं. या वेळी मोरीत डबा नव्हता. लोक म्हणाले, आप्पाचा निग्रह बघा. मान खाली घालायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा ते खरं होतं.

पावसाळा संपता संपता बेळगावाला गेलो. डॉक्टरणीनं बघितलं, परत बघितलं, आणि आरसा माझ्या हातात दिला. गालावर नुसती फिकट रेघ राहिली होती, दूध पिऊन पुसलेल्या ओठासारखी. "येत राहा," ती म्हणाली. "पण अज्जा, हे छान झालं." पोरानं लगेच ऑफिसात फोन लावला. कुणाला काय सांगत होता ते मी ऐकलं, आणि त्याच दिवशी हे लिहायचं ठरवलं.

दिवाळीला मिरची तोडली. बायकोनं हिरव्या मिरचीचा ठेचा केला आणि तोच तवा चुलीवर ठेवून त्याच्यावर परतला. काय घासला होता तो तवा, वाससुद्धा राहिला नव्हता. दिवस बुडायच्या आत जेवायला बसलो. दोन्ही ताटांत भाजी एकाच रंगाची होती. भाकरीच्या तुकड्याला ठेचा लावला आणि मुद्दाम डाव्या गालात धरला.

बायकोनं घास हातात ठेवून माझ्या तोंडाकडं बघितलं.

"जाळ हाय?"

डोळ्यातनं पाणी आलं, नाक वाहायला लागलं, जीभ पोळली. सगळीकडं पोळली, सारखी. एका जागी नाही.

"अजाबात तिखट न्हाई," मी म्हटलं, आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढं केलं. डॉक्टरणीनं तिखट बेतानं खा असं सांगितलंय. सांगू दे. ते माझ्या मनात आलं की बघू.